पाणी कोणत्या भागाला द्यावे?

आखाजीपासून मृगापर्यंत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर संगणक ठेवलेला असेल, तर दुपारच्या वेळी त्या खोलीतली हवाच ३८ ते ४० अंशांवर असते. वॉटर कूलिंगच्या, म्हणजे चिपवर टेकवलेल्या धातूच्या ब्लॉकमधून पाणी फिरवून तिची उष्णता पंखे लावलेल्या रेडिएटरवाटे बाहेर टाकण्याच्या, ज्या चाचण्या आपण इंटरनेटवर वाचतो आणि पाहतो, त्या बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. त्यामुळे त्यांतले आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि ओव्हरक्लॉकिंग करताना, म्हणजे चिपा कंपनीने ठरवलेल्या गतीपेक्षा वेगाने चालवताना, कोणत्या भागाला पाणी द्यावे व कोणाचे पंख्याच्या वाऱ्यावर भागते, हा हिशोब खान्देशात स्वतंत्रपणे मांडावा लागतो. अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याने नुकतेच विचारले, "मामा, खर्च करायचाच आहे तर प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, मदरबोर्ड, सगळ्यांनाच ब्लॉक बसवले तर काय बिघडेल?" त्याला फोनवर दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

एखाद्या भागाला पाणी द्यायचे की नाही हे ठरवताना मी एकच गोष्ट तपासतो : त्या भागाची गती आज उष्णतेमुळे अडली आहे का? भाग हाताला किती गरम लागतो किंवा सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आकडा लाल दिसतो की हिरवा, यावरून हे कळत नाही. काही भाग १०० अंशांवरही वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात, तर काही भाग ५० अंशांवरच चुका करू लागतात. काही भाग थंड असूनही पुढे सरकत नाहीत, कारण त्यांना कंपनीने घातलेली विजेची किंवा व्होल्टेजची मर्यादा अडवते, नाहीतर त्या चिपची कुवतच तेवढी असते. अशा भागाला ब्लॉक बसवला, तर आकडे सुंदर दिसतात आणि कामात काहीही फरक पडत नाही.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये उष्णता किती वाढते, हे आधी पाहू. चिपमध्ये खर्च होणारी वीज गतीच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती १० टक्के वाढवली आणि ती टिकावी म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर विजेचा खर्च १.१ च्या घनाइतका, म्हणजे १.३३ पट होतो. १५० वॅट घेणारा प्रोसेसर २०० वॅटवर जातो, आणि काम मात्र फार तर १० टक्के अधिक होते. त्यातच चिप जितकी तापेल तितका तिच्यातून होणारा विजेचा गळता प्रवाह वाढतो, म्हणजे त्याच गतीला आणि त्याच व्होल्टेजला तापलेली चिप थंड चिपपेक्षा अधिक वीज खाते आणि त्या विजेने आणखी तापते. हे चक्र तोडणे, हा पाण्याचा खरा उपयोग आहे. पण हे चक्र ज्या भागात मुळात सुरूच होत नाही, तेथे तोडण्यासारखे काही नसते.

उष्णतेचा अडथळा ओळखण्याची सोय खान्देशाच्या हवामानानेच करून दिली आहे, आणि आपल्याकडचे ओव्हरक्लॉकिंग करणारे लोक तिचा पुरेसा उपयोग करत नाहीत असे मला वाटते. डिसेंबर-जानेवारीत रात्री येथे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि खोलीत १८ ते २० अंश असतात. त्याच खोलीत मे महिन्यात ३८ ते ४० अंश असतात. एक पैसाही खर्च न करता येथे २० अंशांचा फरक मिळतो, आणि चांगला टॉवर एअर कूलर काढून ३६० मिलिमीटरचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडूनच येणारा तयार वॉटर कूलर) बसवल्यावर प्रोसेसरचे तापमान साधारणतः जेवढे उतरते, त्यापेक्षा हा फरक बराच मोठा आहे. म्हणून जो प्रोसेसर जानेवारीच्या पहाटे, साध्या एअर कूलरवर, एका विशिष्ट गतीच्या पुढे जायला नकार देतो, तो मे महिन्यात पाण्यावर गेल्याने ती गती ओलांडेल अशी आशा धरू नये. उलट जानेवारीत रात्रभर रेंडर करूनही न डळमळलेली सेटिंग एप्रिलच्या दुपारी कोलमडत असेल, किंवा गती आपोआप खाली घसरत असेल, तर अडथळा उष्णतेचाच आहे आणि तेथे पाण्याचा विचार करण्यात अर्थ आहे.

मात्र उन्हाळ्यात सगळेच भाग एकदम तापतात, त्यामुळे कोलमडण्याला कारणीभूत भाग कोणता, हे वेगळे काढावे लागते. प्रोसेसरवर प्राइम९५ किंवा सिनेबेंच, रॅमवर मेमटेस्ट८६, ग्राफिक्स कार्डावर ब्लेंडरचे एखादे जड दृश्य, असे एकेकट्याला दमवावे आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान, वॅट आणि गती यांची नोंद ठेवावी. ज्यांना हिवाळ्यापर्यंत थांबायचे नाही, त्यांनी कॅबिनेटची बाजूची पत्री काढून सर्व पंखे पूर्ण वेगाने चालवावेत. आवाज असह्य होईल, पण त्या अर्ध्या तासात तापमान आठ-दहा अंशांनी उतरून गती वाढली, तर पाण्याचाही उपयोग होईल. तापमान उतरले आणि गती जागची हलली नाही, तर पाण्यानेही ती हलणार नाही.

आता प्रत्यक्ष भागांकडे वळू. माझ्या यंत्रात रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड आहे. दोन्ही २०२० साली बाजारात आली, आणि पाण्याचा लाभ वेगवेगळ्या भागांना किती वेगळा होतो हे समजून घ्यायला ही जोडी उत्तम आहे. ५८००एक्स मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त १४२ वॅट घेतो, आणि त्यातला बहुतांश भाग सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एका छोट्या चिपमध्ये खर्च होतो. ३०८० कार्ड ३२० वॅट घेते. मेमरी, वीजपुरवठ्याची मंडले आणि पंखे यांचा वाटा वगळला, तरी मुख्य चिपमध्ये दोनशेहून अधिक वॅट खर्च होतात, पण ती चिप ६२८ चौरस मिलिमीटरची आहे. म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता ग्राफिक्स चिपच्या जवळपास चौपट आहे.

यावरून पहिल्या विचारात असे वाटते की पाण्याची गरज प्रोसेसरलाच अधिक आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. प्रोसेसरमधली उष्णता आधी त्या लहानशा चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात, मग थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळात जाते, आणि एवढ्या लहान जागेतून एवढी उष्णता बाहेर काढण्यातच तापमानाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो. ब्लॉकमध्ये कितीही पाणी फिरवले तरी या पहिल्या टप्प्यात काही बदल होत नाही. बदल होतो तो त्याच्या पुढच्या टप्प्यात, आणि तो टप्पा चांगला टॉवर कूलरही बऱ्यापैकी सांभाळतो. ग्राफिक्स कार्डात झाकण नसते. ब्लॉक थेट उघड्या चिपवर टेकतो आणि चिपही मोठी असते, त्यामुळे उष्णता पाण्यापर्यंत सहज पोहोचते. शिवाय कार्डाचा मूळ एअर कूलर दोन-अडीच खणांच्या जाडीत कोंबलेला असतो आणि कॅबिनेटमधलीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. म्हणून एअर कूलरवरून कस्टम लूपवर (सुटे भाग जोडून उभारलेल्या पाण्याच्या फेरीवर) गेल्यास प्रोसेसर साधारण आठ-दहा अंशांनी उतरतो, तर ३०० वॅटच्या वरचे ग्राफिक्स कार्ड २० ते २५ अंशांनी उतरू शकते. माझ्या मते पाण्यावर पहिला हक्क अशा कार्डाचा आहे.

मे महिन्यात याचे महत्त्व आणखी वाढते. २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड ७२-७५ अंशांवर स्थिर असते, ते ४० अंशांच्या खोलीत ८५-९० अंशांकडे जाते, पंखे कर्कश होतात आणि कार्ड स्वतःहून गती उतरवू लागते. एनव्हिडियाची अलीकडची कार्डे तापमान वाढेल तशी गती लहान लहान पायऱ्यांनी कमी करतात, आणि ही प्रक्रिया धोक्याच्या पातळीच्या कितीतरी आधी सुरू होते. पाण्यावर तेच कार्ड मे महिन्यातही ६२-६५ अंशांवर राहू शकते, कारण खोलीच्या हवेपेक्षा पाणी दहा अंशांनी आणि पाण्यापेक्षा चिप बारा-पंधरा अंशांनी गरम, असा तो हिशोब बसतो. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : या कार्डांच्या व्होल्टेजची कमाल मर्यादा कंपनीनेच बांधून दिलेली असते, त्यामुळे पाण्याने गतीची शिखरे फारशी उंचावत नाहीत. मिळते ते सातत्य. जानेवारीत मिळणारी गती मे महिन्यातही मिळत राहते, आणि ज्याला तासन्‌तास रेंडर करायचे आहे त्याच्यासाठी शिखरापेक्षा हे सातत्य मोलाचे आहे.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक घेताना तो पूर्ण कार्ड झाकणारा असावा, असे मी आग्रहाने सांगेन. केवळ मुख्य चिपवर बसणारे ब्लॉक स्वस्त असतात, पण त्यांत मेमरी आणि वीजपुरवठ्याचे मॉस्फेट (वीज नियंत्रित करणारे छोटे भाग) उघडेच राहतात. ३०८० आणि ३०९० या कार्डांतली जीडीडीआर६एक्स मेमरी विशेष तापते आणि ११० अंशांना पोहोचली की गती उतरवते. पुष्कळदा मुख्य चिप ७० अंशांवर निवांत असते आणि कार्ड मेमरीपायी अडते. ३०९० मध्ये तर २४ मेमरी चिपांपैकी निम्म्या कार्डाच्या पाठीमागे आहेत, जेथे समोरचा ब्लॉक पोहोचतच नाही, त्यामुळे तेथे मागची पट्टीही थंड करण्याची सोय पाहावी लागते. दुसरीकडे, भाच्याकडे आरटीएक्स ४०६० आहे. ते ११५ वॅटचे कार्ड आहे आणि त्याचा मूळ कूलर त्याला मे महिन्यातही पुरतो. अशा कार्डाला पाणी देणे मला पटत नाही. त्या पैशात एक श्रेणी वरचे कार्ड येते.

प्रोसेसरच्या बाबतीत सरसकट उत्तर देता येत नाही. ५८००एक्सची कमाल तापमान-मर्यादा ९० अंश आहे. २५ अंशांच्या खोलीत त्याला ६५ अंशांची मोकळीक असते, ४० अंशांच्या खोलीत फक्त ५० अंशांची, म्हणजे उन्हाळ्यात कूलर न बदलताही त्याची क्षमता जवळजवळ चौथाईने आटते. तरीही १४२ वॅटपर्यंत उत्तम टॉवर कूलर तग धरतो. इंटेल कोअर आय९-१३९००केसारखा प्रोसेसर मूळ सेटिंगलाच २५३ वॅटपर्यंत जातो आणि ओव्हरक्लॉकिंगमध्ये त्याही पुढे. त्यावर सगळे कोअर तासभर भरून चालवायचे असतील, तर खान्देशात ३६० मिलिमीटरचा रेडिएटर मला आवश्यक वाटतो. याउलट रायझन ७ ७८००एक्स३डी याची तापमान-मर्यादा ८९ अंश असली तरी तो वीजच कमी घेतो आणि त्याचा गुणक (गती ठरवणारी सेटिंग) कुलूपबंद असल्याने ओव्हरक्लॉकिंगला फारसा वाव नाही. तो एअर कूलरवर सुखी असतो. जे लोक मुख्यतः गेम खेळतात त्यांनी हेही लक्षात घ्यावे की गेममध्ये प्रोसेसर पूर्ण दमत नाही, आणि सिनेबेंचमधल्या तापमानावरून घेतलेला महागडा एआयओ गेममध्ये बव्हंशी रिकामाच बसतो.

व्हीआरएमचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे आणि तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून) येणारी १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवण्याचे काम मदरबोर्डवरचे हे मंडल करते आणि त्यात साधारण दहा टक्के वीज उष्णतेत जाते. प्रोसेसर २०० वॅट घेत असेल तर २० वॅटच्या आसपास उष्णता प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या त्या छोट्या पट्ट्यात निर्माण होते. प्रोसेसरवर एअर कूलर असतो तेव्हा त्याच्या पंख्याचा वारा आपोआप या पट्ट्यावरून वाहतो. तोच कूलर काढून एआयओ किंवा ब्लॉक बसवला की तो वारा थांबतो. प्रोसेसर थंड झाला म्हणून माणूस व्होल्टेज आणखी वाढवतो, व्हीआरएमवरचा भार वाढतो आणि नेमका त्याच वेळी त्याचा वारा गेलेला असतो. स्वस्त मदरबोर्डावर, जेथे मॉस्फेटवर हीटसिंकच नसतो किंवा नावापुरता असतो, तेथे ४० अंशांच्या खोलीत हे घातक ठरते. मॉस्फेट स्वतः १२५ अंश किंवा त्याहून अधिक सोसू शकतात, पण त्यांच्या शेजारचे कपॅसिटर तेवढे सोशिक नसतात, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे सुमारे निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे.

म्हणून व्हीआरएमला पाणी द्यावे का? प्रोसेसर आणि व्हीआरएम दोन्ही झाकणारे मोनोब्लॉक मिळतात, दिसतातही देखणे, पण ते त्या एकाच मदरबोर्डासाठी बनलेले असतात आणि मदरबोर्ड बदलला की भंगारात जातात. माझ्या अनुभवात व्हीआरएमसमोर बसवलेला एक साधा पंखा हे काम पुरेसे करतो. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा रेडिएटर बसवला, तर त्याचे पंखेही व्हीआरएमवरून हवा ओढतात, आणि पुष्कळ वेळा तेवढ्यानेच काम होते.

रॅमबद्दल भाच्याचा आग्रह होता, कारण रंगीत नळ्या रॅमवरून गेलेली चित्रे त्याने पाहिली होती. डीडीआर४ची एक पट्टी फार तर चार-पाच वॅट घेते. एवढ्या उष्णतेला पाणी लागत नाही. रॅमचा प्रश्न वेगळा आहे : ती कमी तापते, पण उष्णतेला हळवी असते. सॅमसंगची बी-डाय म्हणून ओळखली जाणारी चिप १.५ व्होल्टला घट्ट टायमिंगवर (प्रतिसादाला कमी वेळ देणाऱ्या सेटिंगवर) चालवली, की ५० अंशांच्या आसपासच चुका दाखवू लागते, हे रॅम ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. मे महिन्यात खोलीच ४० अंशांची असताना ५० अंश गाठायला वेळ लागत नाही, आणि जानेवारीत निर्दोष ठरलेली टायमिंग उन्हाळ्यात फाइली बिघडवू शकते. पण येथे पाण्याच्या ब्लॉकनेही पाणी ४८-५० अंशांचेच मिळणार, मग रॅम त्याहून थंड होणार कशी? या भागाला खोलीची ताजी हवा हवी असते. रॅमच्या वर एक पंखा टांगावा आणि उन्हाळ्यासाठी टायमिंग थोडी सैल करून ती वेगळ्या बायोस प्रोफाइलमध्ये जपून ठेवावी. ग्राफिक्स कार्ड पाण्यावर गेल्याचा एक आडवळणाचा लाभही रॅमला होतो, कारण एअर कूलरचे कार्ड आपली तीनशे वॅटची ऊब कॅबिनेटमध्ये सोडते आणि ती वर जाऊन रॅम आणि व्हीआरएमवर आदळते. पाण्यावरचे कार्ड तीच ऊब रेडिएटरवाटे बाहेर नेते. प्रोसेसरला पाणी दिल्याने शेजाऱ्यांचा वारा जातो आणि ग्राफिक्स कार्डाला पाणी दिल्याने शेजाऱ्यांचा ताप जातो. कार्डाला पहिला क्रमांक देण्यामागे माझे हेही एक कारण आहे.

मदरबोर्डावरच्या चिपसेटला (प्रोसेसर आणि बाकी भागांतला दुवा सांभाळणाऱ्या चिपांना) ब्लॉक बसवण्याचा सल्ला जुन्या लेखांत अजून वाचायला मिळतो. तो त्या काळापुरता बरोबर होता. कोअर २ च्या दिवसांत मेमरी कंट्रोलर चिपसेटमधल्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असे आणि फ्रंट साइड बसची (प्रोसेसर व नॉर्थब्रिज यांना जोडणाऱ्या मार्गाची) गती वाढवून ओव्हरक्लॉकिंग केले की ती चिप खरोखर भाजून निघे. एएमडीने २००३ मध्ये अथलॉन ६४ बरोबर आणि इंटेलने २००८ मध्ये नेहालेमबरोबर मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत घेतला, आणि नॉर्थब्रिज थंड करण्याचे कारणच संपले. आजचे चिपसेट ओव्हरक्लॉकिंगमुळे तापत नाहीत. एएमडीचा एक्स५७० हा त्यातला उष्ण, पण त्याचा छोटा पंखा स्वच्छ ठेवला की पुरते. एनव्हीएमई एसएसडीचेही तसेच. तिचा कंट्रोलर सलग मोठे लेखन करताना तापतो, पण मदरबोर्डाबरोबर येणारी धातूची पट्टी त्याला पुरेशी असते. एसएमपीएसला तर हात लावू नये. घेताना मात्र त्याचे पूर्ण वॅट किती अंशांवर मोजलेले आहेत ते वाचावे. काहींची क्षमता ५० अंशांवर मोजलेली असते, काहींची ४० वर, काहींची त्याहूनही कमी तापमानावर, आणि आपल्या उन्हाळ्यात हा फरक कागदावरचा राहत नाही.

आता पाण्याच्या क्षमतेचा थोडा हिशोब. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,१८० जूल लागतात. लूपमध्ये मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून ५०० वॅट टाकत असतील, तर संपूर्ण फेरीत पाणी जेमतेम दोन अंशांनी तापते. म्हणून आधी प्रोसेसर की आधी कार्ड, मध्ये रेडिएटर हवा की नको, या क्रमावरून होणाऱ्या वादांना फारसा अर्थ नाही. महत्त्वाचे आहे ते रेडिएटरचे क्षेत्रफळ. पाणी हवेपेक्षा दहा अंशांनी गरम चालेल असे धरले, तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतका रेडिएटर साधारण १०० ते १५० वॅट वाहून नेतो, असा ठोकताळा आहे. माझ्या १४२ आणि ३२० वॅटच्या जोडीला, ओव्हरक्लॉकिंग धरून, अशा चार-पाच पंख्यांचे क्षेत्रफळ लागते. थंड प्रदेशातला माणूस यात काटकसर करून पाणी हवेपेक्षा वीस अंशांनी गरम होऊ देऊ शकतो. त्याचे पाणी तरीही ४५ अंशांवरच राहील. आपल्याकडे तीच काटकसर पाण्याला ६० अंशांवर नेते. लोकप्रिय डी५ पंपाची कमाल मर्यादा ६० अंश आहे, आणि त्याच्या आसपास पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही मऊ पडून जोडातून सुटण्याचा धोका असतो. म्हणून येथे रेडिएटर हिशोबापेक्षा एक पंखा मोठाच घ्यावा, नळी मऊ रबरी घ्यावी आणि पाण्याच्या तापमानाचा सेन्सर लावून पंख्यांचा वेग त्यावर बांधावा.

रेडिएटर कितीही मोठा केला तरी पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही, हे मूळ बंधन आहे, आणि म्हणून खान्देशात ब्लॉकच्या आधी खोलीचा विचार करावा असे माझे ठाम मत आहे. एप्रिल-मेमध्ये आपली हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर खोलीचे तापमान सहज दहा-बारा अंशांनी उतरवतो, आणि हा लाभ प्रोसेसर, रॅम, व्हीआरएम, एसएमपीएस अशा सर्वांना एकाच वेळी मिळतो. मात्र यंत्र कूलरच्या थेट झोतात कधीही ठेवू नये. बोअरचे जड पाणी कूलरमध्ये असेल तर झोताबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतले क्षार मदरबोर्डावर आणि रेडिएटरच्या पात्यांवर पांढरे थर धरतात. कूलर एका खिडकीला, यंत्र आडोशाला आणि समोरची खिडकी उघडी, अशी रचना चांगली. मृगाचा पाऊस पडला की हवा दमट होते आणि कूलरचा हा गुण संपतो, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो.

लूपमध्ये भरायचे पाणी डिस्टिल्ड असावे. घरच्या आरओचे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यात क्षार शिल्लक असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारे डिमिनरलाइज्ड पाणी चालते, पण बाटलीवरचा मजकूर नीट वाचून घ्यावा, कारण त्याच दुकानात बॅटरीचे आम्लही त्याच आकाराच्या बाटलीत मिळते. पाण्यात गंजरोधक आणि जंतुनाशक मिसळावे, आणि तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर कदापि जोडू नये, कारण दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजत जाते आणि तो गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत अडकतो. धुळीचाही विचार हवा. उन्हाळ्यातल्या वावटळींची काळी माती आणि जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांकडे हंगामात उडणारे कापसाचे तंतू दाट पात्यांच्या रेडिएटरमध्ये असे बसतात की वारा पलीकडे जातच नाही. विरळ पात्यांचा, थोडा जाड रेडिएटर घ्यावा आणि त्याच्यापुढे धुता येणारी जाळी लावावी.

राहता राहिला पैसा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एआयओ मिळतात, कस्टम लूपचे सुटे भाग मात्र पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून पूर्ण लूपचा खर्च मध्यम श्रेणीच्या एका नव्या ग्राफिक्स कार्डाइतका सहज होतो. पंप, रेडिएटर आणि प्रोसेसरचा ब्लॉक पुढच्या यंत्रातही वापरता येतात. सॉकेट बदलला तरी बहुधा फक्त पकडीची पट्टी बदलावी लागते. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र त्या एका पीसीबीसाठी (कार्डाच्या सर्किट बोर्डासाठी) कापलेला असतो आणि कार्डाबरोबरच त्याचे आयुष्य संपते. म्हणूनच ज्या कार्डाला पाण्याचा सर्वाधिक लाभ आहे, त्याचाच ब्लॉक सर्वाधिक विचाराने घ्यावा लागतो : कार्ड ३०० वॅटच्या वर असावे, ते निदान चार वर्षे वापरायचे असावे, आणि त्याच्यावर रोज काही तास खरे काम व्हावे. या अटी पूर्ण होत असतील, तर कार्ड विकत घेण्यापूर्वीच त्याच्या नेमक्या मॉडेलसाठी ब्लॉक उपलब्ध आहे का आणि मूळ कूलर काढल्यावर वॉरंटीचे काय होते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि ब्लॉक कार्डाबरोबरच मागवावा, कारण कार्ड दोन वर्षांचे झाले की त्याचा ब्लॉक बनणेही बहुधा थांबलेले असते.